ओल धरलेली गादी

भाद्रपद लागला की आमच्या जबलपूरला एक काळ असा येतो, की पाऊस पडत नसला तरी काहीच वाळत नाही. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी शेगडीजवळ सरकवावी लागते, कपाटातल्या साड्यांना एक वास धरतो आणि तो कितीही डांबरगोळ्या टाकल्या तरी दसऱ्यापर्यंत जात नाही. दोरीवरचे कपडे हाताला गार लागतात. ते ओले आहेत की नुसतेच गार, हे कळायला गालाला लावून बघावं लागतं.

परवा लॅबमध्ये असंच झालं. शहराबाहेरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मी लॅब इन्स्ट्रक्टर आहे. वस्तू दाबून, ताणून, वाकवून बघायच्या आणि त्या किती सोसतात ते नोंदवायचं, हे माझं काम. आमच्याकडे दमट हवेचं एक कपाट आहे. आत हवी तेवढी ओल आणि हवी तेवढी उष्णता राखता येते. एका विद्यार्थिनीनं त्यात फोमचे चौकोनी तुकडे ठेवले होते. तिनं दार उघडलं आणि तो वास आला. पावसात रात्रभर उभ्या असलेल्या बसमध्ये सकाळी पहिल्यांदा चढलं की सीटचा येतो, तसा. आंबूस, थोडा साबणासारखा. ती तुकडे मोजत राहिली आणि मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. यशो अकरावीत होती तो पावसाळा माझ्यापुढे उभा राहिला होता.

यशोधरा माझी मुलगी. माझे आजोबा भंडाऱ्याकडून इथल्या कारखान्यात कामाला आले आणि इथलेच झाले. त्यांची मराठी भंडाऱ्याची होती, माझी अर्धी तिकडची अर्धी पुस्तकातली, आणि यशोची फक्त कानात. तिला मराठीत काहीही सांगा, सगळं समजतं. उत्तर हिंदीत येतं. त्या वर्षी ती ताडासारखी वाढली होती. दारातून आत येताना उगीच मान खाली घालायची, चौकट चांगली हातभर वर असली तरी. आणि त्या उंचीचं काय करायचं हे तिला सापडलं होतं. ती उंच उडी मारायची.

सदरच्या बाजारामागे एक मैदान आहे. तिथे चौहान मॅडम संध्याकाळी चार-पाच शाळांच्या मुलींना शिकवायच्या. त्या स्वतः तरुणपणी उडी मारायच्या, आता पन्नाशीला आल्या होत्या. बारीक, काटक, आवाज मात्र परेडच्या मैदानावरचा. एका शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या आणि ही संध्याकाळची शिकवणी त्यांची स्वतःची हौस होती. त्यांच्याकडे दोन खांब होते, एक आडवी दांडी होती, आणि ती मॅट होती. मॅट म्हणजे फोमची प्रचंड गादी. कमरेएवढी उंच, एखाद्या खोलीएवढी रुंद, वरून निळं रेक्झिन. कुठल्याशा संस्थेनं टाकून दिलेली ती गादी मॅडमनी किती ठिकाणी खेटे घालून मिळवली होती, ते मैदानावरच्या प्रत्येक मुलीला पाठ होतं. ती लाकडी फळ्यांच्या चौकटीवर ठेवलेली असायची आणि सराव संपला की मुली तिच्यावर ताडपत्री ओढायच्या, लेकराला पांघरूण घालावं तशी.

त्या वर्षी पाऊस थांबतच नव्हता. नर्मदेवरच्या ग्वारीघाटाच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या, आमच्या गल्लीतल्या भिंतींवर हिरवं चढलं. पण दोन सरींच्या मधे उघडीप मिळाली की मुली मैदानावर धावायच्या. विभागीय निवड दसऱ्याआधी होणार होती. मी कॉलेजातून सुटले की स्कूटीनं यशोला आणायला जायची. लवकर पोचले तर त्या गादीच्या कडेला टेकून बसायची आणि बघायची.

पाठीवरची उडी तुम्ही जवळून बघितली आहे का, मला माहीत नाही. मुलगी वळण घेत धावत येते, दांडीशी पोचते तेव्हा तिची पाठ दांडीकडे झालेली असते, आणि मग ती उलटी वर जाते. आधी डोकं, मग खांदे, मग कमानीसारखी पाठ, शेवटी पाय झटकून घेते. सगळं होईपर्यंत ती आकाशाकडे बघत असते. खाली काय आहे ते तिला दिसत नाही. ते बघायचं नसतंच, असं मॅडम शिकवायच्या. बघायला गेलं की कंबर खाली येते आणि दांडी पडते. म्हणजे ही उडी मारायची तर खालच्याची खात्री आधीच धरून चालावी लागते. बाकीच्या आया वर बघून टाळ्या वाजवायच्या. मी आई म्हणून दांडीकडे बघायला सुरुवात करायची आणि लॅबची सवय म्हणून नजर खाली घसरायची. ती पडली की गादी किती दबते, किती वेळात वर येते.

एका संध्याकाळी मी टेकून बसले आणि माझी सलवार ओली झाली. वरचं रेक्झिन तर कोरडं होतं. मी शिवणीपाशी बोट घातलं, तिथे ते उसवलं होतं. मूठ दाबून बघितली. मूठ सहज आत गेली, फारच सहज, आणि काढल्यावर खड्डा तसाच राहिला. हळूहळू, जसं काही आठवून आठवून, तो भरत आला.

"अब तो और मज़ा आता है, आई," यशो केस बांधत म्हणाली. "पहले कड़क थी. अब एकदम मक्खन."

तिच्या शेजारी फुलवती उभी होती. तीही मान डोलावून हसली. फुलवती कुंडमच्या बाजूच्या एका गावातली, वसतिगृहात राहून शिकणारी. यशोहून चार बोटं बुटकी, पण पायात स्प्रिंग असल्यासारखी. तिचे वडील तिला सुट्टीत घरी घेऊन गेले की परत पाठवायला कां-कू करायचे. मॅडम दर वेळी जाऊन तिला घेऊन यायच्या. येताना ती आमच्यासाठी जंगलातली अळंबी आणायची, तिकडे तिला पिहरी म्हणतात. पानात गुंडाळलेली, मातीचा वास असलेली. निवड झाली तर तिला क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. नाही झाली तर पुढचं कुणी बोलत नव्हतं.

योग म्हणा, नाहीतर काय म्हणायचं ते म्हणा, त्याच महिन्यांत मी लॅबमध्ये फोमच दाबत होते. मानसी नावाची एक तरुण प्राध्यापिका सांगलीहून नुकतीच आमच्या कॉलेजात आली होती. तिला इथल्या पावसाळ्यानं गांगरून टाकलं होतं आणि त्यातूनच तिनं विषय काढला होता, ओल लागल्यावर फोमची ताकद कशी बदलते. तुकडे कापणं, कपाटात ठेवणं, काढणं, यंत्राखाली दाबणं हे मी करायची. दाब वाढत जातो तशी संगणकावर एक रेघ उमटत जाते. आधी ती चढते. मग बराच वेळ जवळजवळ आडवी चालते. शेवटी एकदम उभी होते. फोम म्हणजे मुळात बारीक बारीक पोकळ्यांचं घर. आडव्या रेघेच्या त्या वेळात एकेका पोकळीच्या भिंती वाकत असतात, आणि वाकता वाकता वरून येणारा मार पोटात घेत असतात. सगळ्या वाकून झाल्या, की भिंतीवर भिंत बसते आणि मग तो फोम राहत नाही, लाकूडच होतो. रेघ उभी होते ती तिथे.

ओल लागली की ती आडवी रेघ खाली सरकते. पाण्याचा अंश भिंतीच्या अंगात शिरतो, भिंती मऊ पडतात, वाकायला नकार देत नाहीत. हाताला तो फोम जास्त छान लागतो. पण मार तेवढाच असेल तर तो लवकर संपतो. आणि अगदी तळाशी पाणीच साचलं असेल, तर हळू दाबताना ते बाजूला सरकतं. एकदम आपटलं तर त्याला निघायला वेळ मिळत नाही आणि तेही आडवं येतं. मानसी मला हे समजावून सांगायची तेव्हा मला नवल वाटायचं. कडकपणाची भीती आपल्याला लहानपणापासून शिकवलेली असते. मऊपणाची कुणी शिकवत नाही.

मी घरी यशोला हे सांगितलं. जेवताना सांगितलं, ही चूक झाली असेल, पण दुसरी वेळ तिच्याकडे नसायची.

"तू रोज त्या गादीवर पाठीवर पडून राहिली," मी म्हटलं. "आतून ती संपली आहे. थोडे दिवस थांब."

"सेलेक्शन के बाद रुक जाऊँगी."

"त्याच्या आधी काही झालं तर?"

तिनं ताट पुढे सरकवलं. "तुमको हमेशा लगता है मैं गिरूँगी."

"पडणारच आहेस. उंच उडीत सगळेच पडतात. कुणी किती वर गेलं तेवढंच लोक बघतात."

"तो तुम भी वही देखो न."

"काहून भांडून राहिल्या तुम्ही दोघी?" यशोचे बाबा म्हणाले. ते रेल्वेत आहेत, घरी आले की त्यांना शांतता लागते. "मॅडमशी बोल ना एकदा. पोरीवर काहून ओरडतेस?"

मी ओरडत नव्हते, पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

मॅडम मैदानाच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर सगळं मांडलं. बाहेर मुली धावत होत्या, चिखलाचा चपचप आवाज येत होता.

"रामटेके दीदी," त्या शेवटी म्हणाल्या, "सरावाला आता थोडेच दिवस आहेत. मी आज बंद केलं तर तुमची यशो दुसऱ्या कुठल्या तरी मैदानावर जाईल. तुम्ही सोडाल तिला स्कूटीनं. फुलवती कुठे जाईल?" त्या हिंदीतच बोलत होत्या, मी इथे माझ्या भाषेत लिहिते आहे. "मला एवढंच सांगा, तुम्हाला खात्री किती आहे?"

माझ्याकडे खात्री नव्हती. शंका होती, दाट शंका. मी म्हटलं, मला खालच्या बाजूचा एक तुकडा कापून द्या, मी यंत्रात घालून बघते. त्या उठल्या, स्वतःच कैची घेऊन आल्या, आणि मागच्या कडेनं रेक्झिन वर करून तळाचा एक कोपरा कापून दिला. कापताना त्यांचा चेहरा मला बघवेना. तो तुकडा मी डब्याच्या पिशवीत घालून नेला, त्यातून पाणी ठिबकत राहिलं.

लॅबमध्ये त्याची रेघ मी मानसीला दाखवली. आडवा भाग जवळजवळ नव्हताच. रेघ थोडी चढली, जरा कुठे वळली आणि उभी झाली.

"वाईट आहे," मानसी म्हणाली. मग तिनं चष्मा काढून पुसला. "पण ताई, हा कोपऱ्याचा तुकडा आहे. पाणी कडेनं शिरतं. मधे, जिथे मुली पडतात, तिथे काय आहे ते आपल्याला यावरून सांगता येणार नाही. वरचे थर चांगले असतील तर अजून बरंच झेलतील. मी छातीठोक काही म्हणू शकत नाही."

तिचं बरोबर होतं. मला तिचा रागही आला आणि ती अशी बोलली म्हणून विश्वासही बसला. लॅबमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला एक कळलं आहे, की खरं बोलणारी माणसं बहुतेक वेळा अर्धंच उत्तर देऊ शकतात. आणि आईला, किंवा मैदानावर मुली उभ्या असलेल्या बाईला, ते अर्धं उत्तर घेऊन पूर्ण काहीतरी ठरवावं लागतं.

त्या संध्याकाळी आभाळ उघडलं होतं. पश्चिमेला पिवळट ऊन होतं, मैदानाच्या डबक्यांत पडलेलं. मी मॅडमना जे होतं ते सांगितलं. कोपरा गेलेला आहे, मधलं माहीत नाही. मुली गोळा झाल्या होत्या. यशो माझ्याकडे न बघता बुटाची नाडी सोडत होती आणि परत बांधत होती.

"मतलब आप भी नहीं कह सकतीं," मॅडम म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात. त्या नुसतं तपासून घेत होत्या.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग मुली उड्या मारायच्या सरावाला वापरायच्या ती लाकडी पेटी त्यांनी ओढत गादीजवळ आणली. पायातले बूट काढले. ओढणी काढून फुलवतीच्या हातात दिली. आणि पेटीवर चढून गादीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्या काय करताहेत हे आम्हा कुणाच्या लक्षात यायच्या आत त्यांनी हात छातीशी घेतले, मान वर केली आणि मुली पडतात त्याच जागी उलट्या पडल्या.

धप्प असा मऊ आवाज यायला हवा होता. खालच्या फळ्या वाजल्या.

त्या तशाच पडून राहिल्या. डोळे उघडे होते, आभाळाकडे बघत होत्या. यशो सगळ्यांत आधी धावली. मॅडमनी हात करून तिला थांबवलं. बऱ्याच वेळानं त्या कुशीवर वळल्या, मग फुलवतीचा हात धरून बसल्या, मग उभ्या राहिल्या. चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी एकदा त्या निळ्या गादीवरून हात फिरवला, सवयीनं, आणि म्हणाल्या, "बंद. आज से कोई नहीं चढ़ेगा."

 त्या संध्याकाळी ताडपत्री घालायला कुणी पुढे झालं नाही.

दुसऱ्या दिवशी गादी उघडली. वरचे थर सुटे करून शेडमध्ये उभे केले, तेव्हा त्यांच्यातून पाण्याची धार लागली, आणि ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही. मधे, मुली पडत होत्या त्याच ठिकाणी, तळाचा थर दबून पातळ झाला होता आणि तसाच राहिला होता. ओला असताना दाबत गेलं की फोमला तो आकारच आपला वाटायला लागतो. कडेचा थर हातात घेतला तर त्याचा पिवळा चुरा व्हायचा. मुली पंखे लावून, आळीपाळीनं थर उलटेपालटे करून वाळवत होत्या. मॅडम खुर्चीवर बसून बघत होत्या, कमरेला पट्टा होता. डॉक्टरांनी त्यांना खरं तर घरी झोपायला सांगितलं होतं.

सराव सुरू राहिला, पण वाळूच्या खड्ड्यात, आणि कैचीची उडी. समोरून धावत यायचं, एक पाय दांडीवरून टाकायचा, मग दुसरा, आणि पायांवरच उतरायचं. जुनी, लहान मुलांची उडी. यशोला ती जमेना. तिचं अंग पाठीवरच्या उडीसाठी घडलं होतं. सवयीनं वळण घ्यायची आणि मधेच अडखळायची. फुलवतीला मात्र कुणी शिकवावंच लागलं नाही. गावाकडे कुंपणं ओलांडत ती हेच करत आली होती.

निवडीच्या दिवशी दुसऱ्या शहरातलं मैदान होतं, कोरडं, गादी नवी आणि ताठ. सगळ्या मुली पाठीवरून गेल्या. यशोही गेली. पण इतक्या दिवसांत ती उलटी पडलीच नव्हती. मला कठड्यापलीकडून दिसत होतं. ती वर जायची आणि अगदी शेवटच्या क्षणी मान वळवून खाली बघायची. कंबर खाली यायची. दांडी तिन्ही वेळा पडली.

फुलवती कैचीनं गेली. ती त्या मोठ्या गादीवर पायांवर उतरली आणि उभीच राहिली, तेव्हा बघणारे काहीजण हसले. पुढच्या उंचीलाही ती तशीच उभी राहिली, तेव्हा हसले नाहीत. तिची निवड झाली. मॅडमनी तिला जवळ घेतलं, वाकता येत नव्हतं म्हणून तिलाच टाचा उंचवायला लावल्या.

परत आल्यावर स्टेशनवरून आम्ही स्कूटीनं घरी निघालो. यशो मागे बसली होती.  सिग्नलला थांबलो तेव्हा ती माझ्या पाठीला टेकली आणि म्हणाली, "आई, तुम ग्राउंड पे नहीं आतीं न, तो मैं सेलेक्ट हो जाती."

 तू मोडली असतीस, असं म्हणता आलं असतं. पण ते मला माहीत नव्हतं. जे घडलंच नाही ते मोजायचं यंत्र कुणाकडे नसतं. ती उडी आणि ते दांडीचं पडणं मात्र घडलं होतं, आम्ही दोघींनी बघितलं होतं.

"हो," मी म्हटलं. "झाली असतीस."

सिग्नल सुटला. तिनं डोकं तसंच ठेवलं.

त्यानंतर बरेच दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं होतं. मग एका शनिवारी ती स्वतःहून लॅबला आली. म्हणाली, दाखव. मी कोरडा तुकडा ठेवला आणि यंत्र चालवलं. मग तेवढाच, तशाच फोमचा, ओल धरलेला. ती पडद्याकडे बघत राहिली, बोटानं हवेत ती रेघ ओढत. दुसऱ्या तुकड्याची रेघ उभी झाली तेव्हा तिचं बोट थांबलं.

"ये सूखने के बाद वापस पहले जैसा होता है?"

"बहुतेक होतो. थोडा दबलेलाच राहतो. तेवढा नाही येत परत."

तिनं दबलेला तुकडा तळहातावर घेतला. "मुझे लगा था तुम बस डर गई थीं."

"घाबरले पण होते," मी म्हटलं. "दोन्ही होतं."

हिवाळ्यात गादीचे वाचलेले थर परत जोडले, खालचा नवा आला. यशो पुन्हा उडायला लागली, बारावीच्या परीक्षेपर्यंत उडली, पहिल्यासारखी वर बघत. मग थांबली. अभ्यासामुळे थांबली, की त्या एका दिवसामुळे, हे मी तिला विचारलं नाही. आता ती इंदूरला नोकरी करते. पावसाळ्यात फोन केला की विचारते, "कपड़े सूख रहे हैं?" आणि आम्ही दोघी त्याच्यावर बराच वेळ बोलतो. फुलवती मझौलीच्या एका शाळेत खेळ शिकवते. तिच्या वर्गातल्या मुली आधी कैचीच शिकतात म्हणे.

त्या वासानं परवा हे सगळं वर आलं, आणि काल मी सदरला गेले. भाजी घ्यायची होती, पण खरं कारण तेवढं नव्हतं. चौहान मॅडम आता निवृत्त आहेत, बहिणीकडे राहतात, संध्याकाळी बाजारात हमखास भेटतात. भुट्टेवाल्यापाशी उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, काए दीदी, खूप दिवसांनी. एक कणीस माझ्या हातात दिलं, लिंबू-मीठ लावलेलं. आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो. त्या हळूच बसल्या, भिंतीचा आधार घेऊन.

इतकी वर्षं जे विचारायचं राहिलं होतं ते मी विचारलं. त्या दिवशी तुम्ही स्वतः का पडलात? पेटीवरून वाळूचं पोतं टाकलं असतं तरी फळ्या वाजल्याच असत्या.

त्या कणसाचे दाणे सोलत राहिल्या.

"पोतं टाकायचं माझ्या मनात आलं होतं," त्या म्हणाल्या. "पण पोतं टाकून बंद केलं असतं, तर मुली म्हणाल्या असत्या, यशोची आई आली आणि तिच्या सांगण्यावरून सराव बंद झाला. मला काय, मी संध्याकाळी मुलींना सोडून घरी जायची. तुम्हाला तर त्याच मुलीबरोबर घरात राहायचं होतं." मग दोन दाणे तोंडात टाकून, "तिला माझा राग आला असेल. येऊ दे म्हटलं. आया पुष्कळ राग सोसतात, एवढा तरी वाचवू."

समोरून मिलिटरीच्या शाळेतली मुलं रेनकोट उलटे घालून चालली होती. ऑटोवाले ओरडत होते. 

"हओ," मी म्हटलं, इथली माणसं होकाराला म्हणतात तसं.

स्कूटीवर यशो जे बोलली ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी कंबर देऊन जे वाचवलं असं त्यांना वाटत होतं, ते वाचलं नव्हतं, हे त्यांना कळून काय होणार होतं? आणि खरं सांगायचं तर, मला वाटतं, काहीतरी वाचलंच होतं. तिनं सिग्नल सुटल्यावरही डोकं उचललं नव्हतं.

पुन्हा भुरभुर सुरू झाली. मी त्यांच्यासाठी ऑटो थांबवला. ऑटोची पायरी उंच होती. त्यांनी एक हात कमरेवर ठेवला आणि दुसरा माझ्या खांद्यावर, आणि पाय वर घेताना सगळं वजन माझ्यावर टाकलं. वाटलं त्यापेक्षा बरंच जास्त होतं. मी पाय रोवून उभी राहिले.